भिवंडी शांत राहिली ती कशामुळे?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



मुसलमान समाजाविषयीचे पूर्वग्रह आणि धार्मिक सहिष्णुता ह्या विषयावर आजवर इतके बोलले गेले आहे, की त्याचे नाव काढताच सभागृहात एक प्रकारची सात्त्विक ग्लानी पसरते. कबीर येतो, श्रीगोंद्याचा शेख महंमद येतो, एकाच मांडवात गणपती आणि ताबूत बसविणारी गावे येतात, टाळ्या पडतात. आणि सभेहून परतताना टाळ्या वाजविणाऱ्यांपैकीच कोणी तरी शेजाऱ्याला सांगतो, की आमच्या इमारतीत मात्र ‘त्यांना’ जागा द्यायची नाही असे सर्वांनी मिळून ठरविले आहे. ह्या गृहस्थाचे कबीरप्रेम खोटे नसते. त्याच्या कबीरप्रेमाचा आणि त्याच्या इमारतीचा काही संबंध आहे, असे त्याला कधी वाटलेलेच नसते, इतकेच. तेव्हा आजच्यापुरती संतवचनांना रजा देऊन एका गावाची हकीकत पाहणे अधिक उपयोगाचे होईल. ते गाव म्हणजे भिवंडी.

मुंबईच्या वेशीवरचे, ठाणे जिल्ह्यातले हे यंत्रमागांचे शहर. उत्तरेकडून आलेले मोमीन विणकर, तेलंगणातून आलेले पद्मशाली, भोवतालच्या खेड्यांतले आगरी-कुणबी, कोकणी मुसलमान अशा अनेकांच्या श्रमांवर ते उभे राहिले. ७ मे १९७० रोजी तेथे शिवजयंतीची मिरवणूक निघाली आणि तिचे पर्यवसान भीषण दंगलीत झाले. लगोलग जळगाव आणि महाड येथेही आग लागली. तिन्ही ठिकाणी मिळून दीडशेहून अधिक माणसे मारली गेली. त्यांतील फार मोठी बहुसंख्या मुसलमानांची होती. ह्या दंगलींच्या चौकशीसाठी नेमलेल्या न्यायमूर्ती मादन आयोगाचा अहवाल हा महाराष्ट्रातील प्रत्येक राजकीय कार्यकर्त्याने वाचावयास हवा असा दस्तऐवज आहे. तो वाचणारे मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. दंगल आकाशातून पडत नाही, तिची मशागत महिनोन् महिने चाललेली असते, हे त्या आयोगाने पुराव्यानिशी दाखविले. मिरवणुकीच्या संयोजकांतील जमातवादी गटावर त्याने ठपका ठेवला, मुसलमानांतील जमातवादी संघटनांनी वातावरण कसे तापविले तेही नोंदविले; आणि दंगलीनंतर गुन्ह्यांच्या तपासासाठी नेमलेल्या खास पोलीस पथकाने कसा धार्मिक पक्षपात केला, ह्याची तर विस्ताराने चिरफाड केली. न्यायाधीशाने हे सारे लिहून ठेवले, सरकारने ते स्वीकारल्यासारखे केले, आणि मे १९८४ मध्ये भिवंडी पुन्हा पेटली. ह्या खेपेस ठाणे आणि मुंबईही तीत ओढली गेली आणि अडीचशेवर माणसे मेली. भिवंडी हे नावच दंगलीचे दुसरे नाव होऊन बसले.

आता ह्यापुढचा भाग, जो फार कमी सांगितला जातो. ६ डिसेंबर १९९२ रोजी अयोध्येतील बाबरी मशीद पाडली गेली. डिसेंबरमध्ये आणि पुन्हा जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत राहिली. श्रीकृष्ण आयोगाच्या हिशेबाप्रमाणे तेथे ९०० माणसे मेली. त्यांत ५७५ मुसलमान आणि २७५ हिंदू होते. मुंबई जळत असताना तिच्या वेशीवरची भिवंडी, जिच्या नावानेच माणसांच्या अंगावर काटा यावा अशी भिवंडी, शांत राहिली.

ह्याचे श्रेय दैवाला देण्याची आवश्यकता नाही. १९८८ मध्ये सुरेश खोपडे नावाचे पोलीस उपायुक्त तेथे आले. बंदोबस्त वाढविणे, लाठ्या-बंदुका मागविणे आणि मिरवणुकीच्या दिवशी देवाचा धावा करणे ही रूढ पद्धत त्यांनी अपुरी मानली, आणि वस्तीवस्तीत मोहल्ला समित्या उभ्या केल्या. ‘शांतता समिती’ ही चीज आपल्याकडे नवी नव्हती. सणाच्या तोंडावर कलेक्टर कचेरीत मौलाना, शास्त्री, नगरसेवक आणि व्यापारी ह्यांना चहा पाजावयाचा, एकमेकांच्या गळ्यात हार घालावयाचे, छायाचित्र काढावयाचे, की समितीचे काम संपले. भिवंडीतील समित्यांची घडण निराळी होती. पुढाऱ्यांऐवजी मागवाला, किराणा दुकानदार, रिक्षावाला, शिक्षक, गृहिणी अशी माणसे तीत घेतली गेली. दोन्ही धर्मांची माणसे एकाच समितीत बसली. आणि त्या वस्तीची जबाबदारी असलेला खालच्या पायरीवरचा पोलीस त्यांच्याबरोबर नित्य बसू लागला.

त्या बैठकांत बोलणे कशाविषयी होई, ह्याकडे लक्ष दिले पाहिजे. रामरहीम एकच आहेत, ह्यावर तेथे क्वचितच वेळ खर्ची पडला असेल. तेथे नळाला पाणी न येण्याविषयी बोलणे होई, तुंबलेल्या गटाराविषयी होई, भाडेकरूच्या तंट्याविषयी, वाट अडविणाऱ्या हातगाडीविषयी होई. गटार तुंबले म्हणजे ते दोन्ही धर्मांच्या उंबरठ्यांवर सारखेच येते. त्याची तक्रार करावयास दोघे मिळून गेले, म्हणजे एकाला दुसऱ्याचे नाव कळते, घर कळते, त्याच्या मुलाची परीक्षा केव्हा आहे ते कळते. मग एखाद्या रात्री अफवा येते, की पलीकडच्या गल्लीत शस्त्रे जमा झाली आहेत. ज्याला पलीकडच्या गल्लीतले कोणीच ठाऊक नाही, त्याच्यापुढे ती अफवा मानण्यावाचून गत्यंतर नसते. ज्याला तेथील चार माणसे नावानिशी ठाऊक आहेत, तो चौकशी करतो. अफवा आणि चौकशी ह्यांमधील तो अर्धा तास दंगल होणार की नाही ते ठरवितो. १९९२च्या त्या डिसेंबरात भिवंडीतील समित्यांची माणसे रात्र रात्र जागली. खोपडे ह्यांची तोवर बदली झालेली होती. समित्यांची सवय मात्र मागे राहिली होती.

आशुतोष वार्ष्णेय ह्या राज्यशास्त्रज्ञाने भारतातील दंगलग्रस्त आणि शांत शहरांचा जो तौलनिक अभ्यास केला, तो २००२ मध्ये ग्रंथरूपाने आला. त्याचाही निष्कर्ष ह्याच दिशेचा आहे. केवळ शेजारधर्म, ईदचा शिरखुर्मा आणि दिवाळीचा फराळ, हे बंध खेड्यात पुरतात. मोठ्या शहरात ताण आला की ते तुटतात. तेथे टिकतात ते संघटित बंध: कामगार संघटना, व्यापारी मंडळे, वाचनालये, पक्षांच्या शाखा, ज्यांत दोन्ही धर्मांची माणसे एका हिताने बांधलेली असतात. समाजवादी चळवळीला हे एखाद्या परदेशी विद्यापीठातून शिकावे लागावे, ही तशी थोडी शरमेची गोष्ट. युसूफ मेहेरअली मुंबईचे महापौर झाले १९४२ साली. ‘भारत छोडो’ ही घोषणा त्यांचीच. ते मुसलमानांचे प्रतिनिधी म्हणून पुढे आलेले नव्हते. सोलापूरच्या ज्या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिले, त्यांत मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे ह्यांच्याबरोबर कुर्बान हुसेन होते. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ज्यांच्या डफाने मैदाने हलली ते अमर शेख बार्शीचे. ह्या माणसांना कोणी ‘सर्वधर्मसमभाव’ म्हणून व्यासपीठावर बसविलेले नव्हते. लढा एक होता, म्हणून ती तेथे होती.

भिवंडीच्या प्रयोगाचे स्तोत्र गाण्याचे मात्र कारण नाही. समिती म्हणजे देवीची लस नव्हे, की एकदा टोचली म्हणजे आयुष्याची निश्चिंती झाली. जुलै २००६ मध्ये कबरस्तानालगतच्या पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून त्याच भिवंडीत हिंसाचार झाला. पोलिसांच्या गोळीबारात दोन माणसे मेली आणि दोन पोलिसांचे जमावाने प्राण घेतले. दुसरेही एक न्यून आहे. ही कल्पना एका पोलीस अधिकाऱ्याला सुचावी लागली. भिवंडीत पक्ष होते, संघटना होत्या, यंत्रमाग कामगारांच्या युनियन होत्या. १९८२च्या गिरणी संपानंतर मुंबईतले कापडाचे काम ह्याच मागांकडे वळले, हजारो नवे कामगार तेथे आले, बारा-बारा तास माग चालवू लागले. त्या गर्दीत मोहल्ल्यामोहल्ल्याने बसणे हे कोणाचे काम होते, हा प्रश्न पक्षाच्या कार्यकर्त्याला टाळता येणार नाही.

आता पूर्वग्रहांकडे वळू. ते नाना प्रकारचे असले तरी दोन-तीनच असे आहेत की जे सुशिक्षित माणूस निःसंकोचपणे, जणू अंकगणित सांगत आहोत अशा थाटात बोलून दाखवितो. पहिला लोकसंख्येचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे १९९२-९३ मध्ये मुसलमान स्त्रीस सरासरी ४.४ मुले होत. २०१९-२१ मध्ये ते प्रमाण २.३६ वर आले. हिंदू स्त्रीच्या बाबतीत ते ३.३ वरून १.९४ वर आले. म्हणजे एकापेक्षा अधिक असलेले अंतर अर्ध्याच्याही खाली आले, आणि उतरण्याचा वेग मुसलमानांत अधिक राहिला. केरळातील मुसलमान स्त्रीपेक्षा बिहारमधील हिंदू स्त्रीस सरासरीने अधिक मुले होतात, ह्याचा अर्थ धर्मग्रंथात सापडणार नाही. तो शाळा, दवाखाना आणि मजुरी ह्यांत सापडेल. चार बायकांची गोष्टही तशीच. १९६१च्या जनगणनेच्या वेळच्या पाहणीत बहुपत्नीकत्वाचे प्रमाण हिंदूंत ५.८ टक्के आणि मुसलमानांत ५.७ टक्के आढळले होते. अलीकडच्या पाहणीत दोन्हींत ते दोन टक्क्यांच्या आत आहे. मुसलमानांत किंचित अधिक. आणि मुले होतात ती स्त्रियांना. एका पुरुषाने दोन बायका केल्या म्हणून समाजातील स्त्रियांची संख्या वाढत नाही, एका पुरुषाचे लग्न तेवढे राहते. एवढा हिशेब करण्यास बी.ए.ची पदवी लागू नये. परंतु पदवीधरच तो करीत नाहीत, ह्यावरून एक गोष्ट ध्यानात येते: पूर्वग्रह अज्ञानातून जन्मत असला, तरी तो जगतो सोयीवर.

दुसरा पूर्वग्रह ‘लाडांचा’. मुसलमानांचे फार लाड झाले, असे म्हणणाऱ्याने सच्चर समितीचा नोव्हेंबर २००६ चा अहवाल उघडावा. लोकसंख्येत १३.४ टक्के असलेला हा समाज भारतीय प्रशासकीय सेवेत ३ टक्के, परराष्ट्र सेवेत १.८ टक्के आणि पोलीस सेवेत ४ टक्के होता. साक्षरता ५९.१ टक्के, देशाची सरासरी ६५.१. मुले मदरशांतच जातात अशी समजूत. प्रत्यक्षात शाळेच्या वयाच्या मुलांपैकी मदरशांत जाणारी सुमारे ३ टक्के. महाराष्ट्र सरकारने नेमलेल्या महमूदुर रहमान समितीनेही २०१३ मध्ये राज्यातील दारिद्र्याचे असेच चित्र मांडले. २०१४ मध्ये वटहुकुमाने मुसलमानांतील मागासांना ५ टक्के आरक्षण दिले गेले, उच्च न्यायालयाने शिक्षणापुरते ते चालू ठेवण्यास मुभा दिली, आणि नंतर सरकारने तो वटहुकूम विरून जाऊ दिला. हे जर लाड असतील, तर लाड ह्या शब्दाचा अर्थ कोशकारांनी बदलावा.

तिसरा पूर्वग्रह सर्वांत घातक, कारण तो न्यायाच्या पायरीपर्यंत पोहोचतो: मुसलमान हा जात्याच संशयित. ८ सप्टेंबर २००६ रोजी, शब-ए-बारातच्या दिवशी मालेगावात मशीद आणि कबरस्तान ह्यांच्याजवळ बॉम्बस्फोट झाले. मेले ते मुसलमान. पकडले गेले तेही मुसलमान. नऊ जण पाच वर्षे तुरुंगात राहिले आणि एप्रिल २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले. नवव्याचा त्याआधीच मृत्यू झालेला होता. अटकेच्या वेळी ज्या पत्रांनी त्यांच्यासाठी पहिल्या पानाचे आठ स्तंभ दिले, त्यांनी मुक्ततेला किती जागा दिली हे ज्याने त्याने जुने अंक काढून पाहावे. २ जून २०१४ रोजी पुण्याजवळ हडपसर येथे नमाजाहून परतणाऱ्या एका तरुणाला केवळ त्याच्या वेशावरून ओळखून ठार मारण्यात आले. त्यातील आरोपींना जानेवारी २०१७ मध्ये जामीन देताना उच्च न्यायालयाने, मृत तरुण दुसऱ्या धर्माचा होता एवढाच त्याचा दोष होता, ही गोष्ट आरोपींच्या बाजूची धरली. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये तो आदेश रद्द केला आणि अशा भाषेविषयी नापसंती व्यक्त केली. पुढे २०२३ मध्ये सत्र न्यायालयात आरोपी निर्दोष सुटले. खालच्या कोर्टापासून पानपट्टीपर्यंत एकच भाषा बोलली जात असेल, तर ती भाषा बनते कोठे, हे शोधावयास फार दूर जावे लागणार नाही.

येथे पुरोगाम्यांनाही सोडून चालणार नाही. निवडणूक आली की मशिदीत जाऊन मौलानांना भेटावयाचे, जाळीदार टोपी घालून इफ्तारला बसावयाचे आणि मुसलमान मतदाराशी आपला संवाद झाला असे मानावयाचे, ही सवय सेक्युलर म्हणविणाऱ्या सर्व पक्षांनी लावून घेतली. ज्या समाजात मोमीन, बागवान, आतार, तांबोळी, पिंजारी, मुलाणी, मण्यार, खाटीक, छप्परबंद, दर्वेशी अशा किती तरी कष्टकरी जाती आहेत, त्याचा प्रवक्ता म्हणून धर्मगुरू निवडला की हिंदुत्ववाद्यांचे अर्धे काम फुकट होते. कारण मुसलमान हा एकजिनसी गठ्ठा आहे, हेच तर त्यांना सिद्ध करावयाचे असते. जालन्याहून सुरू झालेल्या मुस्लिम ओबीसी चळवळीने ह्या जातींना मंडलच्या यादीत आणण्यासाठी झगडा केला आणि १९९४ मध्ये महाराष्ट्र सरकारला ती मागणी मान्य करावी लागली. पिंजाऱ्याच्या मुलाला दाखला मिळाला, तो तो मुसलमान आहे म्हणून नव्हे, तो मागास आहे म्हणून. सहिष्णुतेच्या शंभर व्याख्यानांनी जे झाले नाही ते ह्या एका निर्णयाने केले: तो मुलगा आणि माळ्याचा मुलगा तहसील कचेरीत एकाच रांगेत उभे राहिले.

आणि हमीद दलवाई. चिपळूणजवळच्या मिरजोळीच्या ह्या मराठी लेखकाने १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुसलमान स्त्रियांचा मोर्चा मुंबईच्या विधिमंडळावर नेला. मागणी होती तोंडी तलाक बंद करण्याची. २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झाले, आणि ३ मे १९७७ रोजी, वयाच्या पंचेचाळिशीच्या आतच, दलवाई गेले. राष्ट्र सेवा दलात वाढलेल्या ह्या कार्यकर्त्याला चळवळीतल्या अनेकांनी वाखाणले. पण त्याच्याबरोबर मोहल्ल्यात जाणारे थोडे निघाले. मते जातील, ही भीती होतीच. १९८५च्या शाहबानो निकालानंतर १९८६ मध्ये जो कायदा झाला, तो ह्याच भीतीचे अपत्य. त्यातून दुहेरी नुकसान झाले. मुसलमान स्त्रीचा प्रश्न हिंदुत्ववाद्यांनी उचलला, आणि तो उचलण्याचा त्यांचा हेतू काय हे जाणून असल्यामुळे मुसलमान स्त्री स्वतःच्या प्रश्नावर बोलण्यास धजेना. तरीही ती बोलली. २२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तोंडी तलाक रद्द ठरविला, तो मुसलमान स्त्रियांनी आणि त्यांच्या संघटनांनी चालविलेल्या दाव्यांवर. त्या सात स्त्रियांच्या मोर्चाला तोवर एक्कावन्न वर्षे झाली होती.

दलवाईंचे आजचे चाहते त्यांच्या लिखाणाचा अर्धाच भाग वाचतात, हेही सांगितले पाहिजे. मुसलमानांतील धर्मांधतेवर त्यांनी कोरडे ओढले तसे हिंदू जमातवादावरही ओढले. दुसऱ्याच्या घरातला बंडखोर आपल्या घरात टाळ्यांसाठी वापरणे, ही सुधारणेची सोबत नव्हे. साने गुरुजींनी ‘इस्लामी संस्कृती’ लिहिली ती मुसलमानांना काही शिकविण्यासाठी नव्हे. हिंदू वाचकाला शेजारी कळावा म्हणून मराठीत लिहिली. त्याच गुरुजींनी १९४७ मध्ये पंढरपूरचे मंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून प्राण पणाला लावले. आधी स्वतःच्या घराची दारे, असा तो क्रम होता.

१९९२च्या अफवेला गल्ली ओलांडावयास अर्धा तास लागे. आता ती खिशात येते. २०२०च्या वसंतात करोनाची साथ आली तेव्हा दिल्लीतील एका धार्मिक मेळाव्याचे निमित्त होऊन देशभर मुसलमान भाजीवाल्यांकडून भाजी घेऊ नका, अशा चित्रफिती फिरल्या. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तबलीगच्या परदेशी पाहुण्यांवरील गुन्हे रद्द केले, त्यांना बळीचा बकरा केले गेले असे म्हटले आणि वृत्तमाध्यमांच्या प्रचारावरही कठोर ताशेरे ओढले. निकाल आला तो पाच महिन्यांनी; भाजीवाल्याची हातगाडी त्याआधीच विकली गेली असेल. अशा वेळी कार्यकर्त्याचे काम निषेधाचे पत्रक काढण्याचे नसते. त्या हातगाडीशी उभे राहून भाजी घेण्याचे असते, आणि ती चित्रफीत पाठविणाऱ्या आपल्याच मेहुण्याला फोन करण्याचे असते. दुसरे काम पहिल्यापेक्षा अवघड आहे.

शेवटी पुन्हा त्या इमारतीकडे. १९९२-९३ नंतर मुंबईतील हजारो मुसलमान कुटुंबे मिश्र वस्त्या सोडून मुंब्र्याकडे गेली. काही भीतीने गेली, काहींना परत घर मिळाले नाही. एका धर्माची वस्ती वाढली म्हणजे पलीकडची मुले एका वर्गात बसत नाहीत, आणि मोहल्ला समितीला लागणारी ती चार ओळखीची माणसेच उरत नाहीत. गृहनिर्माण सहकारी संस्था ह्या कामी कायद्याने निरुपाय नाहीत. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम २३ प्रमाणे पुरेशा कारणावाचून पात्र माणसाला सभासदत्व नाकारता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये अहमदाबादच्या एका पारशी संस्थेच्या बाबतीत एकाच समाजापुरता उपविधी वैध ठरविला खरा; पण तो लिहिलेल्या आणि नोंदविलेल्या उपविधीविषयी होता. आपल्याकडील बहुतेक इमारतींतील बंदी कोठेही लिहिलेली नाही. ती जिन्यात ठरते, दलालाच्या कानात सांगितली जाते, आणि अर्जदाराला ‘जागा गेली’ एवढेच उत्तर मिळते. लिहिलेली नसल्यामुळे ती न्यायालयात नेता येत नाही. पण नेमक्या त्याच कारणामुळे सर्वसाधारण सभेत तिच्याविषयी प्रश्न विचारता येतो, आणि त्या प्रश्नाचे उत्तर इतिवृत्तात लिहून घेण्याचा आग्रह धरता येतो. पक्षाचे जे कार्यकर्ते अशा संस्थांचे सभासद आहेत, काही तर चिटणीस आहेत, त्यांना सभेची नोटीस चौदा दिवस आधी मिळते.